फलकावर नसलेला आकडा: अपंग सैनिकांच्या पुनर्वसनाचा आणि परतीच्या वाटेचा इतिहास

पहिल्या महायुद्धात पश्चिम महाराष्ट्रातील ज्या गावांनी मोठ्या संख्येने माणसे पाठवली, त्यांपैकी अनेक गावांत एक लहानसा दगडी फलक आजही पाहायला मिळतो. ब्रिटिश सरकारने युद्धानंतर बसवलेल्या या फलकांचा मजकूर ठरावीक साच्याचा असून त्यात दोनच आकडे येतात: या गावातून किती जण महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातील ज्या गावाला पंचक्रोशी ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखते, तेथील ४६ जवान या युद्धात कामी आल्याचे सांगितले जाते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरलेले सारे धडधाकट घरी आले, असा समज फलक वाचणाऱ्याचा सहज होतो. वस्तुतः या उरलेल्यांत हात गमावलेले, पाय गमावलेले, दृष्टी अधू झालेले आणि उरलेले आयुष्य कुणाच्या तरी आधाराने काढणारे असे अनेक जण होते. त्यांचा तिसरा आकडा दगडावर कोरला गेला नाही.

या तिसऱ्या आकड्यातील माणसांसाठी राज्यसत्तेने आणि समाजाने वेळोवेळी काय केले, याचा इतिहास महाराष्ट्रात, आणि विशेषतः पुण्याजवळच्या खडकी व वानवडी या दोन लष्करी वस्त्यांत, फार ठळकपणे उमटला आहे. या मदतीची रूपे काळानुसार बदलत गेली: आधी बक्षीस, मग पेन्शन, नंतर हुन्नर, त्यानंतर कृत्रिम अवयव आणि अखेरीस कायद्याने दिलेला हक्क. मात्र या प्रत्येक व्यवस्थेची खरी परीक्षा एकाच ठिकाणी झालेली दिसते, ती म्हणजे वाटेवर. मदत जिथे ठेवली आहे तिथपर्यंत अपंग माणूस पोचणार कसा आणि तेथून आपल्या घरी, शेतावर किंवा कामावर परतणार कसा, या प्रश्नाचे उत्तर ज्या व्यवस्थेने दिले नाही, तिची मदत उदार असूनही अपुरी राहिली.

जखमेचे मोल आणि पेन्शनीची वारी

युद्धात जखमी झालेल्या शिपायाची जबाबदारी धन्यावर असते, ही कल्पना मराठी राज्यव्यवहाराला नवी नव्हती. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत प्रतापगडच्या युद्धानंतरच्या व्यवस्थेचे वर्णन येते. जखमींना जखमेचे स्वरूप पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन, म्हणजे त्या काळी चलनात असलेले सोन्याचे नाणे, देण्यात आले; जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेण्यात आले आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले गेले. पुढे पेशवाईच्या कागदपत्रांत अशा मदतीसाठी रूढ शब्दच आढळतात. ‘बालपरवेशी’ म्हणजे लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेली नेमणूक, तर ‘जखमपट्टी’ म्हणजे जखमीला उपचार व निर्वाह यांसाठी दिलेली रक्कम.

या पद्धतीत जखमेचे मोजमाप होते आणि त्यानुसार रकमेत भेदही होता, ही तिची जमेची बाजू मानली पाहिजे. परंतु ही मदत धन्याच्या कृपेचे रूप होती. ती हातात पडली की पुढचे आयुष्य घराने, भाऊबंदांनी आणि गावाने सांभाळायचे, असे गृहीत धरलेले असे. ज्या समाजात माणूस जन्मला त्याच गावात राही आणि शेत, पाणवठा, देऊळ ही सारी ठिकाणे हाकेच्या अंतरावर असत, त्या समाजात हे गृहीतक काही प्रमाणात चालून जात असे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात या नात्याचे स्वरूप पालटले. लढण्यास असमर्थ ठरलेल्या शिपायासाठी तेथे ‘इन्व्हॅलिड’ ही अधिकृत संज्ञा होती. वय, आजार किंवा जखम यांमुळे शिपाई ‘इन्व्हॅलिड’ ठरला की त्याला निवृत्तिवेतन तरी मिळे किंवा कमी श्रमाच्या पहाऱ्याच्या कामासाठी उभारलेल्या वेगळ्या पलटणीत तरी पाठवले जाई. कोकणातील दापोली हे अशा व्यवस्थेचे महाराष्ट्रातील एक ठिकाण होते. पेशवाईच्या अस्तानंतर कंपनीने तेथे छावणी वसवली आणि पुढे काही काळ तेथे जुन्या, उतारवयातील शिपायांची ‘वेटरन’ पलटण ठेवली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्या छावणीचीच आठवण होय. निवृत्त शिपायांची, त्यांत महार पलटणींतील पेन्शनरांची मोठी वस्ती तेथे झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले होते.

पेन्शनीमुळे शिपायाला महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळू लागली, ही मोठी गोष्ट होती. पण तिच्याबरोबर एक प्रवासही आला. पेन्शन घेणारा माणूस तोच आहे आणि हयात आहे, याची खात्री पटवण्यासाठी त्याने प्रत्यक्ष हजर राहावे, ही अट या व्यवस्थेत मुरली आणि ‘हयातीचा दाखला’ या रूपाने ती स्वातंत्र्यानंतरही टिकली. ज्याचा पाय युद्धात गेला, त्याने आपल्या गेलेल्या पायाचे पैसे घेण्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत वाट तुडवावी, असा हा विपरीत नियम होता. बोटाचा ठसा यंत्रावर देऊन घराजवळूनच हयातीचा दाखला पाठवण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केली, तेव्हा कुठे ही वारी टळण्याचा सोपा मार्ग खुला झाला.

मेसोपोटेमियाचा रस्ता आणि खडकीची कार्यशाळा

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे लष्करी सेवेसाठी समुद्रापार गेली. महाराष्ट्राच्या दृष्टीने या युद्धातील सर्वांत जिव्हारी लागलेली आघाडी मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची होती. कारण तेथे लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते आणि तिच्यात मराठा पलटणींचा समावेश होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या दक्षिणेस टेसिफॉन येथे झालेल्या लढाईनंतर हजारो जखमींना मागे आणताना जे घडले, ते लष्करी वैद्यकाच्या इतिहासातील एक लज्जास्पद प्रकरण ठरले. जखमींसाठी पुरेशा रुग्णगाड्या नव्हत्या. सामान वाहण्यासाठी बनवलेल्या, स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत मोडलेल्या हाडांची माणसे घालून नदीपर्यंत नेण्यात आली आणि तेथून गच्च भरलेल्या आगबोटींच्या उघड्या फळ्यांवर, सावलीवाचून, शुश्रूषेवाचून आणि हगवणीने बेजार अवस्थेत त्यांनी बसऱ्यापर्यंतचा अनेक दिवसांचा प्रवास केला. त्यानंतर पूना डिव्हिजन कुत येथे वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने हतबल होऊन शरण गेली. या साऱ्याची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाने १९१७ मध्ये आपल्या अहवालात वैद्यकीय व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला. जखम रणांगणावर झाली, तरी त्या जखमीचे कायमचे अपंगत्व पुष्कळदा वाटेवर ठरते, हा या अहवालातून निघणारा धडा होता.

बसऱ्याहून निघालेल्या रुग्णनौका मुंबई बंदरात लागत. त्यामुळे युद्धकाळात मुंबईत अनेक इमारतींचे रूपांतर रुग्णालयांत झाले. ज्या इमारतीत पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सुरू झाले, तीही त्या काळात रुग्णालय म्हणून वापरली गेली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचा थोरला मुलगा सप्टेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधील लढाईत मारला गेला होता. त्याची आई लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत अपंग हिंदी सैनिकांना कामधंदा शिकवणारी शाळा सुरू केली आणि तिला राणी मेरी यांचे नाव दिले. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकी येथे हलवण्यात आली आणि ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ या नावाने ती शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे उभी आहे.

या संस्थेमागील विचार त्या काळच्या युरोपात नुकताच रुजत असलेला होता. इंग्लंडमध्ये रोहॅम्प्टन येथे १९१५ मध्ये अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी खास रुग्णालय निघाले. ब्रायटन येथील ज्या राजवाड्यात आधी जखमी हिंदी सैनिकांवर उपचार झाले होते, तेथेच १९१६ पासून हात-पाय गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांना ठेवून त्यांना धंदेशिक्षण दिले जाऊ लागले. रुग्णालयाने जखम भरून काढली म्हणजे काम संपले नाही, तर माणसाला पुन्हा कमावता करणे हाही उपचाराचाच भाग आहे, या कल्पनेला पुढे ‘पुनर्वसन’ हे नाव मिळाले. मुंबईच्या व नंतर खडकीच्या शाळेत शिवणकाम, सुतारकाम आणि यंत्रकाम यांसारखे बैठ्या जागी किंवा एका हाताने, एका पायाने जमू शकणारे हुन्नर शिकवले गेले. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या घरातील जवानाच्या दृष्टीने हा बदल साधा नव्हता. शेतकऱ्याने कारागीर व्हायचे, म्हणजे केवळ हाताला नवे वळण लावायचे असे नसून गावातील आपली ओळखच बदलायची होती. शिवाय जो हुन्नर खडकीत यंत्रावर शिकला, त्याला मागणी शहरात होती आणि घर मात्र घाटमाथ्याच्या पलीकडे होते. कामापर्यंत पोचण्याची वाट कार्यशाळेच्या दारातून सुरू होत असली, तरी तिचे पुढचे टप्पे संस्थेच्या हातात नव्हते.

वानवडीचा पाय

दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कराची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली आणि अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी देशातच कृत्रिम अवयव बनवण्याची सोय करणे भाग पडले. त्यातून १९४४ मध्ये पुण्याच्या वानवडी भागात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. देशातील या क्षेत्रातील आद्य संस्थांत त्याची गणना होते आणि मूळ सैनिकांसाठी निघालेल्या या केंद्राचा लाभ पुढे नागरिकांनाही मिळू लागला. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे, सियाचीनमधील हिमदंश, श्रीलंकेतील शांतिसेनेची मोहीम, काश्मीरमधील भूसुरुंग आणि १९९९ चे कारगिल युद्ध या प्रत्येक घटनेनंतर वानवडीच्या केंद्राकडे येणाऱ्या जवानांची रांग वाढत गेली. १९७१ च्या युद्धात भूसुरुंगाने चिरडलेला आपला पाय स्वतःच्या खुकरीने तोडणारे इयान कार्डोझो यांनाही कृत्रिम पाय मिळाला तो पुण्यातच. पुढे ते पायदळ पलटणीचे आणि मग ब्रिगेडचे नेतृत्व करणारे भारतीय सेनेतील पहिले अपंग अधिकारी ठरले. सेनेतून मेजर जनरल या हुद्द्यावर निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्षपदही सांभाळले.

कृत्रिम पाय ही वस्तू दुकानातून बूट आणावा तशी आणता येत नाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय या केंद्राचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा दोन्ही नीट उमगत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पायाचा जो भाग उरतो त्याला रुग्णालयात ‘स्टंप’ म्हणतात. हा भाग सुरुवातीला सुजलेला असतो. त्याला आकार यावा म्हणून त्यावर ताणाचे पट्टे गुंडाळून ठेवले जातात. त्यानंतर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांनी त्याचा साचा घेतात, त्या साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची हुबेहूब प्रतिकृती तयार करतात आणि तिच्यावर ‘सॉकेट’, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती वाटी, घडवतात. शरीराचा सारा भार या वाटीतून खाली जातो, म्हणून तिच्या आतल्या बाजूला एखादा उंचवटा राहिला तरी कातडीला फोड येतो आणि पाय असूनही माणूस आठवडाभर चालू शकत नाही. वाटीखाली नडगी, घोटा आणि पाऊल जोडल्यावर दोन समांतर दांड्यांच्या मध्ये उभे राहून चालण्याचा सराव सुरू होतो. गुडघ्याखाली पाय गेलेल्याला तोल सावरणे त्यामानाने लवकर जमते. ज्याचा गुडघाही गेला आहे त्याला मात्र सांधा केव्हा वाकेल आणि केव्हा ताठ राहील, हे शरीराला नव्याने शिकवावे लागते.

याच कारागिरीत पुढच्या प्रवासाचे मूळ आहे. स्टंपचा आकार कायम राहत नाही. पहिल्या वर्षभरात तो आटतो, वजन वाढले की फुगतो, उतारवयात पुन्हा बदलतो आणि काल घट्ट बसणारी वाटी आज सैल होऊन घासू लागते. सांधे झिजतात, पट्टे तुटतात, पाऊल फाटते. म्हणून कृत्रिम पाय एकदा मिळाला की संपले, असे कधीच होत नाही. तो घेणारा माणूस त्या केंद्राशी जन्मभरासाठी बांधला जातो. सातारा, कोल्हापूर, बीड, गढवाल किंवा पंजाबातील जवान वाटी बदलून घेण्यासाठी दर काही वर्षांनी वानवडीला येतो तो बहुधा याच नादुरुस्त पायावर. ज्या पायाने प्रवास सोपा व्हावा, त्याच पायासाठी सर्वांत अवघड प्रवास करावा लागतो.

या अडचणीची दोन उत्तरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. पहिले उत्तर जयपूरचे होते. तेथील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचे असे पाऊल घडवले, जे बुटाशिवाय वापरता येई आणि ज्याने मांडी घालणे, उकिडवे बसणे, चिखलातून चालणे शक्य होई. विलायती पाय खुर्ची आणि बूट गृहीत धरून बनवलेला होता. जयपूरचा पाय ओटी, बांध आणि देवळाची पायरी गृहीत धरून घडला आणि गावच्या कारागिराला दुरुस्त करता येण्याजोगा राहिला. दुसरे उत्तर संघटनेचे होते. कृत्रिम अवयव व साधने मोठ्या प्रमाणावर बनवणारी ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी १९७२ मध्ये कानपूर येथे स्थापन झाली आणि मोजमापाची शिबिरे जिल्ह्याजिल्ह्यांत भरू लागली. माजी सैनिकांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेमुळे जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखाने निघाले आणि प्रत्येक तक्रारीसाठी लष्करी रुग्णालय गाठण्याची गरज काही अंशी कमी झाली. या सर्व उपायांतील समान सूत्र एकच आहे: माणसाला मदतीकडे ओढण्याऐवजी मदतीने माणसाकडे जाणे.

चाकाच्या खुर्चीवरचे जवान

पाय गमावलेल्या जवानाला निदान उभे राहता येते. ज्याच्या पाठीच्या कण्यात गोळी किंवा छर्रा शिरून मज्जारज्जू दुखावला जातो, त्याच्या कमरेखालच्या किंवा मानेखालच्या शरीराची हालचाल आणि संवेदना दोन्ही जातात. या अवस्थेला अनुक्रमे ‘पॅराप्लेजिया’ आणि ‘क्वाड्रिप्लेजिया’ असे म्हणतात. पहिल्या महायुद्धापर्यंत असे जखमी मूत्रसंसर्गाने किंवा सतत एका बाजूवर पडून झालेल्या दाबव्रणांनी थोड्याच काळात दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून ठरावीक वेळाने कूस बदलणे, मूत्रमार्गाची काटेकोर निगा आणि खेळ यांच्या बळावर या जखमींना दीर्घायुष्य मिळू शकते, हे दाखवून दिले. १९४८ मध्ये तेथे भरलेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी भारतापुढे हाच प्रश्न उभा केला आणि त्याच्या उत्तरादाखल १९७४ मध्ये खडकी येथे अधरांगघात झालेल्या सैनिकांसाठी ‘पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर’ सुरू झाले. सेनेच्या बोलीत सांगायचे तर हे जवान ‘बोर्ड आउट’ झालेले, म्हणजे वैद्यकीय मंडळाने सेवेस अपात्र ठरवून घरी पाठवलेले असत. पण ज्या घराचा उंबरा ओलांडायला चार माणसे लागतात आणि ज्या घराचे शौचालय परसात आहे, त्या घरी परत जाणे त्यांना शक्य नसे. खडकीच्या केंद्राने त्यांना चाकाच्या खुर्चीला अडवणार नाही अशी वास्तू दिली, हाताला काम दिले, तोंडात कुंचला धरून चित्रे काढण्याची कला दिली आणि चाकाच्या खुर्चीवरील खेळांची मैदाने दिली. उंबरा नसलेले दार, जिन्याऐवजी उतरण आणि हाताच्या टप्प्यातील नळ या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी माणूस परावलंबी असतो की नाही हे ठरते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

खेळांच्या बाबतीत महाराष्ट्राचे नाव याआधीच झाले होते. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सेनेच्या ईएमई, म्हणजे विद्युत व यांत्रिक अभियांत्रिकी विभागातील जवान आणि मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात अनेक गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, वैयक्तिक क्रीडाप्रकारात भारतीयाने मिळवलेले ते पहिले सुवर्ण होते. राष्ट्रीय सन्मान मात्र फार उशिरा आला; पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. एका जवानाची हायडेलबर्गपर्यंतची वाट १९७२ मध्ये पूर्ण झाली आणि त्याची दखल घ्यायला देशाला ४६ वर्षे लागली, ही बाब फलकावर न कोरलेल्या त्या तिसऱ्या आकड्याशी थेट नाते सांगते.

सवलत आणि पायरी

स्वातंत्र्यानंतर अपंग प्रवाशासाठी सरकारने जे पहिले साधन वापरले, ते भाड्यातील सवलतीचे होते. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते; राज्य परिवहनाच्या एसटीतही अपंग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी स्वतंत्र डबा असतो. माजी सैनिकांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक विश्रामगृहे आहेत, जिथे पेन्शनीच्या, रुग्णालयाच्या किंवा कचेरीच्या कामासाठी आलेल्या जवानाला आणि त्याच्या कुटुंबाला अल्प दरात मुक्काम करता येतो. दिवसभराच्या थकव्यानंतर लगेच परतीची गाडी पकडण्याची ताकद ज्याच्या अंगात नाही, त्याच्या दृष्टीने हे विश्रामगृह सवलतीच्या तिकिटाइतकेच मोलाचे ठरते.

तथापि सवलत तिकिटाला मिळते, पायरीला नाही. लाल एसटीच्या दारातील उंच, अरुंद पायऱ्या चढताना कृत्रिम पायाचा माणूस आधी चांगला पाय वर ठेवतो, दांडा धरून सारे अंग खेचून घेतो आणि मग कृत्रिम पाय मागून आणतो. उतरताना हाच क्रम उलटा करावा लागतो आणि मागून लोटणाऱ्या गर्दीला तेवढा धीर नसतो. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तर या पायऱ्यांपुढे कुणाच्या तरी पाठुंगळीवर बसणे एवढाच पर्याय उरतो. रेल्वेच्या नेहमीच्या डब्याचे दार आणि शौचालय त्याच्या खुर्चीच्या रुंदीचा विचार करून बनलेले नव्हते, त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघण्याआधी पाणी पिणे बंद करणे हा मज्जारज्जूच्या रुग्णांनी नाइलाजाने काढलेला मार्ग होय आणि तोच त्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहे. कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेच्या संस्थापक नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने हे जग मराठी वाचकापुढे आणले, आणि सैनिक असो वा नागरिक, दोघांच्या वाटेवरचा अडथळा एकच आहे, हे मराठी समाजाला त्यातून अधिक स्पष्टपणे दिसले.

हा अडथळा दूर करणे ही मेहरबानी नसून कर्तव्य आहे, हे कायद्याच्या भाषेत येण्यास बराच काळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने वाहतुकीत व रस्त्यांवर सोयी करण्याचे बंधन घातले खरे, पण ते सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत राहून पाळायचे होते आणि ही पळवाट वर्षानुवर्षे पुरली. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या सातवरून एकवीसवर नेली, तसेच इमारती व वाहने सुगम्य करण्यासाठी मुदती ठरवल्या. ‘सुगम्य’ याचा अर्थ जिथे कुणाच्याही उचलण्यावाचून पोचता येते ते. उतरणीचे १:१२ हे प्रमाण, म्हणजे एक फूट उंची गाठण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार, ही या सुगम्यतेची सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त वेळा मोडली जाणारी अट आहे.

न्यायालयांनीही या बदलाला बळ दिले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्यातील एका परिषदेला निघाल्या असता त्यांना विमानातून उतरवण्यात आले होते. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि सन्मानाने प्रवास करणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याची भूमिका अधोरेखित केली. सुगम्यतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करावेत, असा निर्णय याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर दिला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या पुणे मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहने आरंभापासूनच बसवलेली होती.

शब्दांचा इतिहासही या बदलाची साक्ष देतो. कंपनीच्या लष्कराने ज्याला ‘इन्व्हॅलिड’ म्हटले, त्याच्यासाठी बनवलेल्या तीनचाकीला किंवा बाजूला जादा चाके लावलेल्या स्कूटरला भारताचा मोटार वाहन कायदा ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हणत राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘अनुकूलित वाहन’ या अर्थाची संज्ञा आणली. जुन्या शब्दात उणेपणा माणसाकडे होता, नव्या शब्दात बदल वाहनात करायचा आहे. शिवकालीन होनांपासून वानवडीच्या वाटीपर्यंत आणि खडकीच्या उतरणीपर्यंतच्या साऱ्या प्रवासाचे सार या एका शब्दबदलात सामावलेले आहे.

गावोगावच्या फलकांवर तिसरा आकडा आता कोरता येणार नाही, कारण तो मोजलाच गेला नाही. मात्र त्या माणसांची आणि त्यांच्यामागून आलेल्यांची नोंद ठेवण्याचा एक मार्ग अजून खुला आहे. ज्या गावातून जवान पलटणीत जातात, त्या गावाच्या एसटी थांब्यावर, शाळेच्या दारात आणि फलक जिथे बसवला आहे त्या चौथऱ्यालाही एका फुटाला बारा फूट लांबीची उतरण बांधली गेली, तर आपल्या आजोबा-पणजोबांची निशाणी पाहायला चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या जवानाला कुणाची पाठ मागावी लागणार नाही, आणि गेलेल्यांच्या व पडलेल्यांच्या आकड्यांशेजारी परतलेल्यांसाठीही जागा झाली, असे त्या दिवशी म्हणता येईल.